किडनीत वण कसे पडतात आणि ते पडायचे थांबत का नाहीत?

ट्रायक्रोम (धागाकर्ता)

मागे 'क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढलंय, काय करू' या धाग्यावर एका ताईंनी वडिलांच्या बायोप्सी रिपोर्टमधली एक ओळ टाकली होती : 'आयएफटीए ३५ टक्के'. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की किडनीत वण आहेत, जुनं दुखणं आहे. ताईंचा प्रश्न अगदी सरळ होता. पोटाला मार नाही, ऑपरेशन नाही, मग वण कसले? तिथे दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा. मी पॅथॉलॉजीत आहे. रुग्ण तपासत नाही, काचपट्ट्या तपासतो. तेव्हा गोळ्यांचे डोस मला विचारू नका.

आधी डोळ्यांना काय दिसतं ते सांगतो. निरोगी किडनीच्या पट्टीवर नलिका एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, मधे फट म्हणावी एवढीच जागा, आणि त्या फटीत केशवाहिन्या. मॅसन ट्रायक्रोम नावाचा रंग दिला की कोलॅजन, म्हणजे वण ज्या प्रथिनाच्या धाग्यांचा बनतो ते, निळं दिसतं. निरोगी पट्टीवर ती निळाई केसाएवढी बारीक. जुन्या आजाराच्या पट्टीवर मात्र निळे पट्टे पसरलेले असतात, नलिका दूर ढकलल्या गेलेल्या, काही आक्रसलेल्या, आतलं अस्तर चपटं झालेलं, बाहेरचं पटल जाड आणि चुरगळलेलं. नेहमीच्या रंगाच्या पट्टीवर काही नलिकांत गुलाबी साका अडकलेला दिसतो. तसा भाग मोठा असला की क्षणभर वाटावं, चुकून थायरॉइडची पट्टी लावली की काय! आयएफटीए म्हणजे हेच : इंटरस्टिशियल फायब्रोसिस आणि ट्युब्युलर अ‍ॅट्रॉफी. मधल्या जागेतले वण आणि सुकलेल्या नलिका. तुकड्यातल्या कॉर्टेक्सचा, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थराचा, किती भाग असा झालाय, त्याचा तो टक्का.

इथे एक गंमत आहे. मधुमेह असो की आयजीए नेफ्रोपथी (गाळण्यांत आयजीए प्रतिपिंड साचण्याचा आजार), मूळ आजार ग्लोमेरुलसमधे, म्हणजे गाळणीत असतो. पण किडनी किती काम करते आहे याचा अंदाज गाळणीपेक्षा नलिकांमधल्या या वणांवरून जास्त नीट येतो. हे १९६०च्या दशकापासून माहीत आहे.

आता जखम कुठे झाली? तर नलिकेच्या पेशीला. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं ९९ टक्के परत ओढून घ्यावं लागतं. यातलं बरंचसं ओझं सुरुवातीच्या नलिकेवर, प्रॉक्झिमल ट्युब्युलवर असतं. या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात आणि इंधन म्हणून मुख्यतः फॅटी अ‍ॅसिड जाळतात, त्यामुळे ऑक्सिजन भरपूर लागतो. साखर वाढली, गाळणीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन गळायला लागलं, रक्तपुरवठा घटला, एखादं विष आलं, की पहिला फटका यांनाच.

फटका हलका असेल तर शेजारच्या पेशी विभागून जागा भरून काढतात, कोणाला कळतही नाही. फटका जोराचा किंवा पुन्हापुन्हा बसणारा असेल तर काही पेशी विभाजनाच्या मधेच अडकतात. बोस्टनच्या जोसेफ बॉनव्हेंटर यांच्या गटाने २०१०मध्ये उंदरांत हे दाखवलं. डीएनएची नक्कल करून झाली, पण जी-२/एम या टप्प्यावर पेशी थबकली. ती मरत नाही आणि पुढेही जात नाही. त्या अवस्थेत ती टीजीएफ-बीटा आणि सीटीजीएफ हे वण पाडायला लावणारे वाढ-घटक बाहेर सोडत राहते. २०१५मध्ये फिलाडेल्फियाच्या कातालिन सुझ्टाक यांच्या गटाने दुसरी बाजू मांडली : वण पडलेल्या किडनीत नलिकापेशींची फॅटी अ‍ॅसिड जाळण्याची यंत्रणाच मंदावलेली असते, पेशीत चरबी साचते, आणि ही यंत्रणा पुन्हा चालू केली तर उंदरांत वण कमी पडतात.

या दुखावलेल्या पेशी एमसीपी-१ नावाचा रेणूही सोडतात, त्याच्या मागावर रक्तातून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी येतात, त्यांचे मॅक्रोफेज (ऊतीतल्या भक्षक पेशी) होतात आणि तेही टीजीएफ-बीटा ओततात. शिवाय अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक आहेच. ते फक्त रक्तदाब वाढवतं असा समज असतो, पण ते किडनीच्या पेशींना थेट टीजीएफ-बीटा बनवायला लावतं.

टीजीएफ-बीटा पेशीबाहेर येतो तो निष्क्रिय रूपात, लॅप नावाच्या प्रथिनात गुंडाळलेला आणि भोवतालच्या जाळीला डकवलेला. पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटिग्रिन, विशेषतः अल्फा-व्ही बीटा-६, त्या लॅपला धरून अक्षरशः ओढतात, आणि मग आतला रेणू मोकळा होतो. ओढून मोकळं करायचं तर जाळी ताठ हवी. लुसलुशीत जाळीत ओढ वाया जाते. म्हणजे एकदा कोलॅजन साचून भाग कडक झाला की पुढचा टीजीएफ-बीटा आणखी सहज सुटतो. सुरुवातीचं कारण दूर झालं तरी वण वाढत राहतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मोकळा टीजीएफ-बीटा पेशीवर बसला की आत एसमॅड-२ आणि एसमॅड-३ या निरोप्या प्रथिनांना फॉस्फेट लागतो, ते एसमॅड-४ला घेऊन केंद्रकात जातात आणि कोलॅजन-१, कोलॅजन-३, फायब्रोनेक्टिन यांची जनुकं चालू करतात. याला लगाम घालायला एसमॅड-७ असतो, पण जुनाट आजारात तोच कमी पडतो. वर टीआयएमपी-१ आणि पीएआय-१ वाढतात, ते जुनं कोलॅजन साफ करणाऱ्या एन्झाइमांच्या वाटेत उभे राहतात. म्हणजे बनवणं वाढलं आणि साफसफाई बंद.

हे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी म्हणजे मायोफायब्रोब्लास्ट. त्या येतात कुठून, हा मोठा वादाचा विषय आहे. बहुतेक आधीच तिथे असतात : केशवाहिनीला बिलगून असणारे पेरिसाइट आणि मधल्या जागेतले फायब्रोब्लास्ट. पेरिसाइट केशवाहिनी सोडून निघाला की तिचा आधार जातो, ती मिटते. केशवाहिनी मिटली की शेजारच्या नलिकेला ऑक्सिजन कमी. मग ती नलिका दुखावते, आणि आपण पुन्हा वरच्या परिच्छेदात येऊन पोचतो.

आता माझं मत. टीजीएफ-बीटा हाच मुख्य आरोपी, त्याला पकडा की प्रकरण मिटलं, अशी मांडणी वर्षानुवर्षं झाली. तिला आधारही होता. १९९०मध्ये वेन बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी ग्लोमेरुलोनेफ्रायटिस (गाळण्यांचा दाह) झालेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांत, म्हणजे रॅटमध्ये, टीजीएफ-बीटाविरोधी प्रतिपिंड देऊन वण रोखून दाखवले होते. पण माणसांत? मधुमेही किडनीविकाराच्या ४००हून अधिक रुग्णांवर टीजीएफ-बीटा-१ विरोधी प्रतिपिंडाची चाचणी झाली, निष्कर्ष २०१७मध्ये छापून आले : उपयोग होत नाही म्हणून चाचणी मुदतीआधी बंद. आणि हा रेणू शरीरात इतरही कामं करतो. ज्या उंदरांत टीजीएफ-बीटा-१चं जनुकच काढून टाकलं ते जन्मानंतर काही आठवड्यांत अंगभर दाह होऊन मरतात.

याउलट ज्या औषधांनी किडनी खरंच वाचवली, त्यातलं एकही निव्वळ 'वणविरोधी' म्हणून जन्माला आलेलं नाही. १९९३मध्ये कॅप्टोप्रिल, २००१मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन, २०१९मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन, २०२०मध्ये डापाग्लिफ्लोझिन, २०२४मध्ये सेमाग्लुटाइड. यातली बहुतेक गाळणीवरचा दाब किंवा नलिकेवरचं ओझं उतरवणारी. अपवाद म्हणायचाच तर २०२०चं फिनेरेनोन, कारण मिनरॅलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (अल्डोस्टेरॉन संप्रेरक पेशीत जिथे बसतं ती जागा) अडवण्यात दाह आणि वण दोन्ही कमी करण्याचा हेतू होता. मला यातून दिसतं ते असं की नलिकेला आराम दिला तर वणांचा कारभार आपोआप मंदावतो. थेट कोलॅजनच्या मागे लागून आजवर हाती फारसं आलेलं नाही.

विचारा आता.

—

वाटसरू

वाखुसा (वाचनखूण साठवली). शेवटून तिसरा परिच्छेद दोनदा वाचावा लागला, पण कळला. लॅपला ओढून काढण्याचा प्रकार भन्नाट आहे.

—

मेघना_पुणे

तो ३५ टक्क्यांचा प्रश्न माझाच. मनापासून आभार. आता पुढचा : ३५ टक्के म्हणजे बाबांची ३५ टक्के किडनी गेली असं समजायचं का? त्यांचं क्रिएटिनिन १.८ आहे.

—

ट्रायक्रोम

मेघनाताई, तसा थेट हिशेब नको. सुईने काढलेला तुकडा पेन्सिलीच्या शिशाएवढा बारीक असतो, त्यात दहा-वीस ग्लोमेरुलाय आले तरी आम्ही खूश. वण सगळीकडे सारखे नसतात, ठिकठिकाणी असतात, त्यामुळे सुई जिथे गेली तिथला तो टक्का.

दुसरं म्हणजे उरलेले नेफ्रॉन (एक गाळणी आणि तिची नलिका मिळून एक नेफ्रॉन) गप्प बसत नाहीत. एका किडनीत सरासरी दहाएक लाख नेफ्रॉन, आणि जन्मानंतर नवीन बनत नाहीत. काही गेले की उरलेले फुगतात आणि जास्त गाळतात. म्हणूनच गाळण्याची क्षमता निम्म्याच्या आसपास घसरेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. हे सुरुवातीला सोयीचं, पण बॅरी ब्रेनर यांनी १९८२मध्ये मांडलं तसं हाच जादा दाब उरलेल्या गाळण्यांना हळूहळू झिजवतो. रिपोर्टमधे टक्क्याच्या खाली 'अ‍ॅक्टिव्हिटी'बद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा. वण जुने असतात. शेजारी ताजा दाह असेल तर तो उपचाराने कमी होण्यासारखा असतो. आणि लघवीतलं अल्ब्युमिन किती आहे तेही विचारा, पुढचा अंदाज बांधायला तो आकडा फार कामाचा.

—

रेसिडेंट_जागा_आहे

सर, एक शंका. आम्हाला शिकवलं ते असं की नलिकेच्या पेशीच रूप बदलून फायब्रोब्लास्ट होतात, एपिथेलियल-मेसेन्कायमल ट्रान्झिशन. परीक्षेत तेच लिहितो. तुम्ही पेरिसाइट म्हणताय.

—

ट्रायक्रोम

परीक्षेत दोन्ही लिहा! :)

२००२मध्ये एरिक नील्सन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं होतं की वणातल्या फायब्रोब्लास्टपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नलिकापेशींतून आलेले आहेत. मग दहाएक वर्षं सगळे त्याच्या मागे. अडचण अशी की बरेच जण पट्टीवर एकाच पेशीत दोन्हीकडच्या खुणा दिसल्या की 'रूप बदललं' म्हणायचे. २०१०मध्ये बेंजामिन हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी नलिकापेशींना जनुकीय खूण करून ठेवली, वण पडू दिले, आणि मधल्या जागेत ती खूण असलेली पेशी शोधली. सापडली नाही. पेरिसाइटना खूण केली तर वण त्या खुणेनेच भरलेला. २०१३मध्ये राघू कल्लुरी यांच्या गटाचा हिशेब आला : साधारण निम्म्या तिथल्याच फायब्रोब्लास्टच्या वाढीतून, ३५ टक्के अस्थिमज्जेतून, रक्तवाहिनीच्या अस्तरातून १० टक्के, नलिकापेशींतून जेमतेम ५ टक्के. मग २०२१मध्ये जर्मनीतल्या आखनच्या गटाने माणसांच्या किडनीतल्या एकेका पेशीचं आरएनए वाचून पेरिसाइट-फायब्रोब्लास्टच्या बाजूनेच कौल दिला.

पण तुमचं पुस्तक अगदीच टाकाऊ नाही. २०१५मध्ये दोन गटांनी 'अर्धवट' रूपांतर दाखवलं. स्नेल आणि ट्विस्ट ही जनुकं चालू झाली की नलिकापेशी आपलं काम सोडते, पटलाच्या बाहेर मात्र पडत नाही. नलिकेतच बसून वाईट निरोप पाठवत राहते. उंदरांत ती जनुकं काढली तर वण कमी पडतात. तेव्हा प्रक्रिया खरी, फक्त या पेशी स्वतः कोलॅजन विणायला जात नाहीत.

—

राजापूरकर

आमच्याकडे दोन वर्षांमागे भावाला भातशेतीत घोणस चावली. लघवी बंद झाली होती, काही दिवस डायलिसिस केलं, मग किडनी चालू झाली. आता क्रिएटिनिन ०.९. तो म्हणतो मी ठणठणीत, तपासण्या बंद. वर तुम्ही 'अडकलेल्या पेशी' म्हणालात ते वाचून धास्ती वाटली. त्याला लागू आहे का?

—

ट्रायक्रोम

लागू असू शकतं, नसूही शकतं. तपासल्याशिवाय कळणार नाही आणि तपासणी अगदी स्वस्त आहे.

घोणशीच्या विषाने नलिका मरतात आणि कधीकधी कॉर्टेक्सच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन तो भागच मरतो. नलिका भरून निघतात, मेलेला कॉर्टेक्स नाही. नलिका भरून निघाल्या तरी काही पेशी पूर्ववत होत नाहीत. हम्फ्रीज यांच्याच गटाने २०२०मध्ये उंदरांत अशा 'दुरुस्ती फसलेल्या' पेशींचा वेगळा गट दाखवला, त्या कितीतरी दिवसांनीही दाहाचे संदेश पाठवत होत्या. लेप्टो, मलेरिया, जुलाबाने आलेलं तीव्र किडनी निकामी होणं, सगळ्यांनाच हा धोका काही प्रमाणात राहतो.

भावाला सांगा, वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. आणि अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनाने नको. लावणीच्या दिवसांत हे सांगणं सोपं नाही याची कल्पना आहे.

—

काढा_आणि_चूर्ण

म्हणजे शेवटी दोष अ‍ॅलोपथीच्या वेदनाशामकांचाच ना? आमची आजी आयुष्यभर झाडपाल्यावर जगली, नव्वदीतही किडनी ठणठणीत. झाडपाल्याने कोणाच्या किडनीला वण पडल्याचं ऐकलंय कोणी?

—

ट्रायक्रोम

ऐकलंय, आणि त्याच्या पट्ट्याही जगभर शिकवल्या जातात.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात गेलेल्या बायकांच्या किडन्या भराभर निकामी व्हायला लागल्या. गोळ्यांत चिनी वनस्पती होत्या. स्टेफानिया टेट्रांड्राऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची आली होती, चिनी नावं एकमेकांशी मिळतीजुळती. शंभरावर रुग्ण निघाले. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी जो पिढ्यान्पिढ्यांचा किडनीविकार होता, त्यालाही पुढे हेच कारण निघालं : गव्हाच्या शेतातलं अ‍ॅरिस्टोलोकियाचं तण, त्याचं बी पिठात.

ही रेणूपातळीवरची सगळ्यात स्वच्छ गोष्ट आहे म्हणून थोडं सविस्तर. अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड रक्तातून प्रॉक्झिमल नलिकेत शिरतं ते ओएटी-१ आणि ओएटी-३ या वाहकांमार्फत, म्हणून घाव नेमका तिथेच. आत गेल्यावर त्याचं रूपांतर होऊन ते डीएनएतल्या अ‍ॅडेनिनला चिकटतं आणि तिथे ए जाऊन टी येण्याचे ठरावीक बदल उरतात. डीएनए असा बिघडलेला, त्यामुळे पेशी पुन्हा त्याच जी-२/एम टप्प्यावर अडकते. पट्टीवर निळंशार कोलॅजन दिसतं, पण दाहाच्या पेशी फार थोड्या. बघितल्यावर अंगावर काटा येतो. यातल्या बऱ्याच जणांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

आपल्याकडे सापसण आणि किडामार ही याच कुळातली झाडं. रानात सर्रास ओळखतात लोक.

—

वैद्य_सांगलीकर

धागाकर्त्यांच्या या माहितीशी सहमत, फक्त एक बाजू मांडतो. ईश्वरी म्हणजे सापसण आमच्या ग्रंथांत आहे, पण आज जबाबदार वैद्य ती पोटातून देत नाहीत. धोका आहे तो लेबल नसलेल्या पुड्यांचा, जत्रेतल्या 'किडनी साफ करणाऱ्या' चूर्णांचा. घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका, मग देणारा कोणत्याही पॅथीचा असो. काढा_आणि_चूर्ण, आजींना नमस्कार सांगा, पण त्यांच्यावरून सिद्धांत नको.

—

काढा_आणि_चूर्ण

ठीक. सापसणाचं माहीत नव्हतं. आमच्या परसात आहे ती वेल.

—

अभियंता_नाशिक

मला यातलं जीवशास्त्र निम्मंच कळलं, पण रचना कळली. मागचा पाइप गळतोय आणि आपण पोपडे आलेल्या भिंतीला प्लास्टर मारतोय. म्हणून प्लास्टर विरघळवण्याची औषधं चालत नाहीत. बरोबर? पण मग आधीच मारलेलं प्लास्टर? कोलॅजन तोडायचं एखादं एन्झाइम देता येणार नाही का? आणि पडलेला वण कधी जातो का?

—

ट्रायक्रोम

प्लास्टर वेळेबरोबर आणखी पक्कं होतं, ही पहिली अडचण. लायसिल ऑक्सिडेज आणि ट्रान्सग्लुटामिनेज-२ ही एन्झाइमं कोलॅजनच्या धाग्यांत आडवे बंध घालतात. असं बांधलं गेलेलं कोलॅजन साफ करणाऱ्या एन्झाइमांना दाद देत नाही. त्या बंधांवर औषध करून बघितलंय. लायसिल ऑक्सिडेजच्या एका भावंडाविरुद्धचं सिमटुझुमॅब हे प्रतिपिंड फुप्फुस आणि यकृताच्या वणांवर वापरून पाहिलं, दोन्हीकडे अपयश. किडनीत अल्पोर्ट या आनुवंशिक आजारासाठी एमआयआर-२१ नावाच्या छोट्या आरएनएला रोखणारं औषध आलं होतं, तेही थांबवलं. उंदरात चालतं आणि माणसात पडतं याला एक साधं कारण आहे : उंदराची मूत्रवाहिनी बांधून दोन आठवड्यांत तयार केलेला वण आणि वीस वर्षांच्या मधुमेहात साचलेला वण, यांची तुलनाच अवघड.

वण जातो का? या प्रश्नावर माझा आवडता अभ्यास १९९८चा आहे, फिओरेत्तो आणि माउअर यांचा. टाइप-१ मधुमेहाच्या आठ जणांना स्वादुपिंडाचं प्रत्यारोपण झालं, साखर कायमची नॉर्मल झाली. त्यांच्या स्वतःच्या किडनीची बायोप्सी आधी, पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी केली. पाच वर्षांनी काही फरक नाही. एखाद्याने तिथेच अभ्यास गुंडाळला असता. दहा वर्षांनी मात्र जाड झालेली पटलं बहुतेकांत पूर्ववत, मेसॅन्जियममधला (गाळणीतल्या केशवाहिन्यांना धरून ठेवणाऱ्या भागातला) साका कमी. नंतर २००६मध्ये त्यांनीच नलिकांमधल्या जागेतही सुधारणा दाखवली. पूर्ण मेलेल्या गाळण्या अर्थातच परत आल्या नाहीत. आठच माणसं, पण म्हणजे किडनीला वण उतरवता येतात. घाव बसायचे पूर्ण थांबले पाहिजेत आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची तयारी पाहिजे.

—

डायलिसिस_मंगळ_गुरू_शनी

इथे प्रत्यक्ष भोगणारा मी एकटाच दिसतो, म्हणून विचारतो. किडनी खराब झाली की रक्त का कमी होतं? मला एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन लागतं. ते बनवणाऱ्या पेशी मरतात का? हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं की बरं वाटतं, जिना चढवतो.

—

ट्रायक्रोम

हा सगळ्या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. त्या बहुतेक मरत नाहीत!

एरिथ्रोपोएटिन बनवणाऱ्या पेशी म्हणजे नलिकांमधल्या जागेतलेच फायब्रोब्लास्ट-पेरिसाइट, ज्यांचे पुढे मायोफायब्रोब्लास्ट होतात. जपानमधल्या गटांनी २०११ ते २०१३ दरम्यान उंदरांत दाखवलं की रूप बदलताना त्या एरिथ्रोपोएटिन बनवणं सोडतात आणि कोलॅजन बनवायला लागतात. वण आणि अ‍ॅनिमिया, दोन्ही एकाच पेशीने धंदा बदलल्याचे परिणाम. आणि दाह थांबवला तर काही पेशी जुन्या कामावर परत येतात, हेही त्यांनी दाखवलं. आता ज्या गोळ्या निघाल्यात त्या या उरलेल्या क्षमतेलाच हाक देतात. ऑक्सिजन कमी असल्याचा आभास करून एचआयएफ हा रेणू टिकवायचा, की एरिथ्रोपोएटिन बनतं. त्यातलं डेसिडुस्टॅट आपल्याच देशात शोधलेलं, मार्च २०२२मध्ये मंजुरी मिळालेलं. तुमच्यासाठी इंजेक्शन बरं की गोळी, ते तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतील.

—

डायलिसिस_मंगळ_गुरू_शनी

सात वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. शनिवारी विचारतो.

—

बीडची_पोर

अवांतर वाटेल, पण मध्य अमेरिकेत ऊसतोड करणाऱ्यांच्या किडन्या जातात असं वाचलं होतं. त्यांना ना मधुमेह ना बीपी. आमच्या गावातून दर वर्षी दिवाळीनंतर कोयते निघतात. काळजी वाटते.

—

ट्रायक्रोम

अवांतर अजिबात नाही. एल साल्वाडोर, निकाराग्वाच्या त्या मजुरांच्या बायोप्सीत मुख्यतः नलिकांमधलेच वण आणि रक्तपुरवठा कमी पडून आक्रसलेल्या गाळण्या दिसतात. लघवीत प्रथिनं फारशी नसतात, म्हणून उशिरा लक्षात येतं. उष्णता, अंगातलं पाणी आटणं आणि ढोर मेहनत हे मुख्य संशयित. एक तर्क असा की पाणी आटलं की किडनीतच ग्लुकोजपासून फ्रुक्टोज बनतं, ते प्रॉक्झिमल नलिकेत फ्रुक्टोकायनेजने जाळताना पेशीची ऊर्जा संपते. शिवाय उन्हात अंग दुखलं की वेदनाशामक. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानममधेही असाच विनाकारण वाटणारा आजार आहे, तिथलं कारण अजून पक्कं झालेलं नाही.

आपल्या तोडणीचा बराच हंगाम थंडीत जातो, हा मोठा फरक. पण फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तोडणाऱ्यांचं क्रिएटिनिन फडावर निघताना आणि परतल्यावर तपासावं, असं मला मनापासून वाटतं. निकाराग्वात सावली, सुट्टीची वेळ आणि पाणी ठरवून दिल्यावर किडनीला इजा होण्याचं प्रमाण घटलं.

—

पाणीपुरी_प्रेमी

म्हणजे सगळ्यांनीच भरपूर पाणी प्यायचं?

—

ट्रायक्रोम

उन्हात राबणाऱ्याने हो. ज्याला आधीच किडनीचा आजार आहे त्याला जादा पाणी पाजून कॅनडात चाचणी झाली, २०१८मध्ये निकाल आला, किडनीची घसरण त्याने मंदावली नाही. तहानेपुरतं प्या. डायलिसिसवाल्यांना तर पाणी मोजूनच.

—

मेघना_पुणे

परत मीच. बाबांना डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केलं. महिन्याने तपासलं तर क्रिएटिनिन १.८चं २.० झालं. बाबांनी गोळी फेकून द्यायची भाषा सुरू केलीय. औषधानेच वण वाढले म्हणतात.

—

ट्रायक्रोम

बाबांना गोळी फेकू देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. पण हे बहुधा अपेक्षितच आहे. ही गोळी प्रॉक्झिमल नलिकेत साखर आणि सोडियम परत ओढणं अडवते. पुढे मॅक्युला डेन्सापाशी (नलिकेतल्या मीठ मोजणाऱ्या पेशींपाशी) सोडियम जास्त पोचतं, तिथून अ‍ॅडेनोसिनमार्फत निरोप जातो, गाळणीत येणारी रक्तवाहिनी थोडी आकसते आणि आतला दाब उतरतो. दाब उतरला की गाळणंही थोडं कमी, म्हणून क्रिएटिनिन किंचित वर. उरलेल्या नेफ्रॉनवरचं जादा ओझं कमी झाल्याची ही खूण आहे. काही महिन्यांनी घसरणीचा वेग मंदावलेला दिसायला लागतो. २०२३मध्ये छापलेल्या एम्पा-किडनी चाचणीत सहा हजारांहून जास्त रुग्ण होते, किडनीचा आजार बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यात मधुमेह नसलेलेही बरेच होते.

गाळण्याचा दर आधीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त पडला तर मात्र डॉक्टर दुसरं कारण शोधतात. १.८ वरून २.० म्हणजे त्याच्या बरंच आत. जुलाब-उलट्या होत असतील किंवा कडक उपास असेल तर ती गोळी तात्पुरती थांबवायची असते, तेवढं विचारून ठेवा.

—

मेघना_पुणे

फोन केला. डॉक्टर अगदी हेच म्हणाले, चालू ठेवा, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू. बाबा म्हणाले, गोळी महाग आहे. मार्च २०२५मध्ये पेटंट संपल्यापासून स्वस्त कंपन्यांच्या आल्यात, हे केमिस्टनेच सांगितलं त्यांना. आता घेतात.